हनुवटी

“आता खाडेबाई, तुम्ही सांगा,” मुजावरमॅडम म्हणाल्या आणि खिडकीकडे बघत राहिल्या.

तीन दिवस हे असंच चाललं होतं. नाव माझं घ्यायचं आणि तोंड खिडकीकडे. खिडकीबाहेर पाण्याची टाकी आणि टाकीच्या सावलीत बसलेल्या दोन शेळ्या, एवढंच काय ते होतं. माणसाशी बोलताना माणसाकडे बघावं ही साधी रीत आम्हाला शिकवायला आलेल्या बाईंनाच ठाऊक नसावी, याचा मला पहिल्या दिवसापासून राग येत होता. सोमवारी मी शेजारच्या चौगुलेबाईंच्या कानात म्हटलंही होतं, “यांनासुद्धा हनुवटी म्हणायला पाहिजे.” चौगुलेबाई हसल्या नाहीत. माझ्याकडे जरा विचित्रच बघितलं त्यांनी. माझी एसटी चुकल्यामुळे त्या दिवशी मी तासभर उशिरा पोचले होते. ओळखीपाळखी सगळ्या होऊन गेल्या होत्या.

याला आता सोळा वर्षं झाली. फेब्रुवारी महिना होता. अंध आणि कमी दिसणाऱ्या मुलांना साध्या शाळेत कसं शिकवायचं, याचं पाच दिवसांचं प्रशिक्षण तालुक्याच्या गटसाधन केंद्रात लागलं होतं. ज्यांच्या वर्गात असं मूल आहे त्या सगळ्यांना बोलावलं होतं. आम्ही अठ्ठावीस जण होतो. मी गवळेवस्तीच्या दोनशिक्षकी शाळेतली.

एका जागी बसणं माझ्या पिंडात नाही. वर्गातली माझी खुर्ची फक्त पर्स ठेवायला. इथं मात्र दहा ते पाच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचं. सोमवारी ब्रेलचे ठिपके झाले. मंगळवारी डोळ्यांना पट्टी बांधून जिना चढायचा होता, मी पट्टीखालून बघत चढले आणि सगळ्यांच्या आधी वर पोचले. दिवसातून चार वेळा पाणी प्यायला उठायची, दहा वेळा घड्याळ बघायची. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती आणि आम्ही इथं बिस्किटं खात बसलो होतो.

बुधवारी मॅडमनी प्रत्येकाला सांगायला लावलं, आपल्या वर्गातल्या त्या मुलासाठी आपण स्वतःहून काय केलं. कुणी फळ्यावर मोठी अक्षरं काढली होती. एका गुरुजींनी शाळेच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळा रंग दिला होता. माझ्याकडे सांगण्यासारखं चांगलंच होतं, म्हणून माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहून, पदर नीट करून सांगितलं.

माझ्या तिसरीच्या वर्गात मोनाली होती. तिची बुबुळं सारखी हलायची, डोक्यावरच्या घागरीतलं पाणी हिंदकळावं तशी. आणि मान कायम उजवीकडे वळलेली. फळा बघायचा तरी मान वाकडी, पुस्तक बघायचं तरी वाकडी. प्रार्थनेला शाळेची रांग उभी राहिली की एकतीस माना सरळ आणि एक भलतीकडे. लोकही बोलायला लागले होते. पोरगी मोठी होणार, हे असं कसं चालेल, असं तिची आईसुद्धा एकदा म्हणाली होती. म्हणून मी एक युक्ती काढली. मोनालीची मान वळली रे वळली की सगळ्या वर्गानं एका सुरात म्हणायचं, “हनुवटी.” मारायचं नाही, रागवायचं नाही, फक्त तेवढा शब्द. सुरुवातीला दिवसातून चाळीस वेळा म्हणावं लागायचं. मग दहा वेळा. मग दोन.

“दीड वर्ष लागलं,” मी म्हणाले. “पण सवय मोडली. दिवाळीपासून एकदाही म्हणावं लागलेलं नाही.”

टाळ्या पडल्या. मी खाली बसले. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं होतं.

“आणि वाचन?” मॅडमनी विचारलं.

“वाचन नाही जमत तिला. पहिलीत अक्षर लावून लावून वाचायची. आता दिसतच नाही म्हणते. नजर कमी होत चालली असणार. जूनपासून जिल्ह्याच्या निवासी अंधशाळेत पाठवावं अशी शिफारस मी सोमवारीच दिली आहे.”

“वाचन कधीपासून थांबलं?”

मी जरा आठवलं. “दिवाळीपासूनच.”

टेबलावरचं तिसरीचं भाषेचं पुस्तक मॅडमनी उचललं, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरलं आणि तोंड खिडकीकडेच ठेवून एक उतारा वाचला. शांतपणे, न अडखळता.

“खाडेबाई, पुढे या,” त्या म्हणाल्या. “माझी हनुवटी धरा.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी जागेवरच उठून उभी राहिले.

“धरा. मोनालीची सरळ केलीत तशी करा. लाजू नका.”

अठ्ठावीस जणांसमोर मी त्यांच्या हनुवटीला हात लावला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी बाई. मी त्यांचा चेहरा हळूच समोर वळवला. आणि जाड भिंगांच्या आड त्यांची बुबुळं हलायला लागली. डावी-उजवी, डावी-उजवी, मोनालीसारखीच.

त्यांनी पुस्तक समोर धरलं. “सु,” म्हणाल्या. मग थांबल्या. “पुढची अक्षरं पळायला लागली. हात काढू नका.” पुन्हा प्रयत्न केला. “सुत... नाही. दिसत नाही.” आवाजात राग नव्हता. कपाळावर घाम आला होता. “आता सोडा.”

मी हात काढला. मान आपोआप खिडकीकडे गेली. बुबुळं डोळ्यांच्या कोपऱ्यात जाऊन स्थिरावली.

“सुतारानं लाकूड तासायला घेतलं,” त्यांनी वाचलं. “माझे डोळे जन्मापासून हलतात. सोमवारी सांगितलंच होतं मी. कोपऱ्यात एक जागा आहे, तिथं ते थांबतात. तिथंच अक्षर उभं राहतं, तिथंच माणसाचा चेहरा दिसतो. प्रत्येकाची ही जागा निराळी असते. मूल ती स्वतः शोधतं, कुणी न शिकवता.”

म्हणजे तीन दिवस त्या खिडकीकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. मी पाय हलवत होते, जांभया देत होते, घड्याळ बघत होते, ते सगळं त्यांना दिसत होतं.

“पण मॅडम,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, मला तो आवरेना. “मोनालीचंही तसंच असेल कशावरून?”

“असेलच असं मी म्हणत नाही. तिला बघितल्याशिवाय कसं सांगू? ती घरी काय काम करते, ते तुम्हाला माहीत आहे?”

मला माहीत होतं. मोनालीची आई कमल आमच्या शाळेची खिचडी शिजवायची. तांदूळ घरी नेऊन निवडून आणायची. गेल्या पावसाळ्यात तिनं मला सांगितलं होतं, “बाई, तांदळातला खडा सुटत न्हाई बघा पोरीच्या हातनं. मान वाकडी करती, पर माज्यापरास चांगलं निवडती.” आणि मी काय म्हणाले होते, तर घरीसुद्धा मान वाकडी करू देऊ नकोस, नाहीतर माझी मेहनत पाण्यात जाईल.

मी हे वर्गात सांगितलं नाही. जागेवर येऊन बसले. चौगुलेबाई काहीतरी समजुतीचं बोलत होत्या, मला एक अक्षर कळलं नाही. शेवटी मी उठले आणि न विचारता बाहेर पडले.

केंद्रप्रमुख मगदूमसाहेब खालच्या खोलीत फायलींना नाडी बांधत होते.

“साहेब, सोमवारी दिलेली माझी शिफारस परत पाहिजे.”

“कसली? त्या आंधळ्या पोरीची?”

“ती आंधळी नाही.”

“तुम्हीच लिहिलंय की मॅडम. वाचता येत नाही, फळा दिसत नाही. सही तुमची, मुख्याध्यापकांची.” त्यांनी नाडीची गाठ मारली. “कागद गेला वर. आता शनिवारी शिबिर हाय. डॉक्टर येणार, विस्तार अधिकारी येणार. पोरगी त्यांच्यापुढं वाचली तर राहील इथंच. न्हाई वाचली तर जून महिन्यात जाईल. तुम्ही कशाला जीव वरखाली करून घेताय?”

शनिवारला मध्ये दोनच दिवस होते.

मी पाच वाजेपर्यंत थांबलेच नाही. चारची एसटी धरली. अख्ख्या रस्त्यात मी उभी होते, बसायला जागा असून. फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत चालत गेले तेव्हा अजून चांगलं ऊन होतं. कमल दारात भांडी घासत होती. मला बघून तिनं हात धुतले आणि आत हाक मारली, “मोने, बाई आल्यात.”

ओसरीवर एक नवी पत्र्याची पेटी होती. झाकणावर मोनालीचं पूर्ण नाव रंगवून घेतलेलं. अंधशाळेत न्यायला.

मोनाली बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मान सरळ, हात मांडीला चिकटलेले. मी शिकवलं होतं तशी.

मी कमलला सगळं सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही, बहुतेक भरभर सांगितलं. ती भांड्यांच्या ढिगाकडे बघत ऐकत होती. ती मला बोलेल, निदान एक शब्द तरी टाकेल, असं मला वाटत होतं. बोलली असती तर बरं झालं असतं.

“म्याबी म्हणत हुते की बाई,” ती शेवटी म्हणाली. “तुमचं ऐकून. जेवताना, सडा टाकताना. हनुवटी मोने, हनुवटी. म्हटलं, बाई एवढं करत्यात पोरीसाठी, घरात आपुन ढिलं कशाला सोडा.”

मी मोनालीला जवळ घेतलं. तिच्या हातात पुस्तक दिलं. “बाळा, तुला हवी तशी मान वळव. जशी आधी वळवायचीस तशी.”

तिनं मान हलवली नाही.

“मी काही म्हणणार नाही. कुणीच म्हणणार नाही.”

“न्हाई बाई,” ती म्हणाली. “मी सरळच बघती. मला आता सवय न्हाई ऱ्हायली.”

तिला वाटलं, मी तिची परीक्षा घेते आहे. मी पुन्हा सांगितलं. मग जरा जोरात सांगितलं. मग मीच तिची हनुवटी धरून मान उजवीकडे वळवायला लागले, तर तिनं ती सगळा जीव लावून सरळ धरून ठेवली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, पण मान हलली नाही. माझी चांगली विद्यार्थिनी होती ती.

गुरुवारी आमच्या मुख्याध्यापकांना, नलवडेगुरुजींना, फोन करून सांगितलं, पोरांना बजावा, तो शब्द शाळेत पुन्हा काढायचा नाही. ते म्हणाले, बजावतो, पण पोरं कारण विचारतील, काय सांगू? मी फोन ठेवला. त्या दिवशी आणि शुक्रवारी प्रशिक्षणात काय झालं ते माझ्या वहीतसुद्धा नाही. वहीत नुसत्या रेघा आहेत. शुक्रवारी निघताना मी मुजावरमॅडमना गाठलं.

“ती मान वळवतच नाही,” मी म्हणाले.

“दीड वर्षाचं दोन दिवसांत कसं जाईल?”

“उद्या नाही वाचली तर तिला पाठवतील.”

“ती शाळा वाईट नाही हो. मी दहा वर्षं तिथं शिकले.” त्या खिडकीकडे तोंड करून माझ्याकडे बघत होत्या. “पण मी तिथं का गेले, सांगू? माझ्या गुरुजींनीही लिहून दिलं होतं, हिला वाचता येत नाही म्हणून. पहिलं पुस्तक मी डोळ्यांनी वाचलं तेव्हा एकोणीस वर्षांची होते. तोपर्यंत कुणी मला अक्षर दाखवलंच नव्हतं.”

शनिवारी सकाळी आठ वाजल्यापासून कमल आणि मोनाली केंद्राच्या व्हरांड्यात बसून होत्या. मोनालीला तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसायची, उठायची, फाटकापर्यंत जाऊन यायची. साडेदहाला नाव पुकारलं.

खोलीत लांब टेबल होतं. डॉक्टर, विस्तार अधिकारी देसाईसाहेब, त्यांच्याशेजारी फायली घेऊन मगदूमसाहेब आणि कडेला मुजावरमॅडम. मोनालीला खुर्चीवर बसवलं. मी वर्गशिक्षिका, म्हणून तिच्या मागं उभी राहिले. कमलला दाराशी थांबायला सांगितलं, चपला काढल्या होत्या तिथं.

डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, काहीतरी लिहिलं. मग देसाईसाहेबांनी पुस्तक पुढं केलं.

“वाच बाळ.”

मोनालीनं पुस्तक डोळ्यांसमोर धरलं. पाठ ताठ, हनुवटी समोर. तिची बुबुळं हलत होती ते मला मागूनही कळत होतं, पुस्तक ती कधी जवळ, कधी लांब धरत होती.

“दिसत न्हाई,” ती म्हणाली.

“मान तुला पाहिजे तशी कर,” मुजावरमॅडम म्हणाल्या.

“हो मोनाली, कर ना,” मी म्हणाले.

माझा आवाज आल्याबरोबर ती आणखी ताठ बसली.

“पहिलंच अक्षर सांग,” देसाईसाहेब म्हणाले. “मोठं आहे बघ.”

“दिसत न्हाई.”

साहेबांनी घड्याळ बघितलं. बाहेर अजून अकरा मुलं होती. त्यांनी माझी शिफारस समोर ओढली आणि पेनाचं टोपण काढलं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडून काय सांगणार होते? कागदावर सही माझीच होती.

“बाई.” दारातून कमलचा आवाज आला. “तुमी जरा भाईर या.”

दहा वर्षांत कमल मला कधी अशी बोलली नव्हती. खिचडीत मीठ कमी आहे का, हे विचारायलासुद्धा ती दारात उभी राहून पदर चाचपायची.

“आत्ता नको कमल,” मी म्हणाले.

“आत्ताच या.”

मला वाटलं, तिला काहीतरी सांगायचं आहे. मी बाहेर आले. तिनं दार पुढं ओढलं, पुरतं लावलं नाही. आणि काहीच सांगितलं नाही. चपलांच्या गर्दीत ती माझ्याशेजारी उभी राहिली, दाराच्या फटीला कान लावून.

देसाईसाहेब खोकले. खुर्ची करकरली.

“बाई गेल्या?” मोनालीनं विचारलं.

“गेल्या,” मुजावरमॅडमचा आवाज.

मग पुस्तकाचं पान सळसळलं. कमलनं माझं मनगट धरलं होतं, तिला ते ठाऊकही नसावं.

“सु,” आतून आलं. “ता. रा. नं. सुतारानं.” थांबली. “ला. कू. ड. लाकूड.” पुन्हा थांबली. “सुतारानं लाकूड ता... तासा... तासायला घेतलं.”

“पुढं,” देसाईसाहेब म्हणाले.

ती वाचत गेली. अडखळत होती, एखादा शब्द दोनदा घेत होती. दिवाळीपासून बंद पडलेलं वाचन, ते असंच यायचं. कमल मनगट न सोडता खाली बसली, तशी मीही वाकले. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ती ते पुसत नव्हती. माझं तरी कुठं थांबत होतं.

“हे तर वाचतंय की हो पोर,” देसाईसाहेब आत म्हणाले. “मगदूम, हा कागद रद्द करा. इथल्याच शाळेत राहील.”

मला राहवलं नाही. मी दार ढकललं.

एक क्षण मला ती दिसली. मान उजव्या खांद्याकडे पूर्ण वळलेली, पुस्तक डाव्या बाजूला, नाकाजवळ. ओठ पुढच्या शब्दावर आलेले. डोळे अगदी शांत होते. दोन वर्षं ती माझ्या वर्गात होती, आणि तिचे डोळे स्थिर झालेले मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

माझ्या बांगड्या वाजल्या असाव्यात. तिची मान सरळ झाली. पुस्तक समोर आलं, हात ताठ झाले. बुबुळं हलायला लागली.

“थांबलीस का गं? वाच की,” देसाईसाहेब म्हणाले.

“बाई आल्या,” मोनाली म्हणाली.

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. मुजावरमॅडम मात्र खिडकीकडे तोंड करून होत्या, म्हणजे त्याही.

मी मागं सरले. बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले. कमलनं माझ्याकडे बघितलं नाही, तिचा कान फटीलाच होता. थोड्या वेळानं वाचन पुन्हा सुरू झालं, जिथं तुटलं होतं त्याच्या पुढच्या शब्दापासून.